दुखणं कमी आहे

८ जुलै, सोमवार

सोलापूरला जाऊन आले. डॉक्टर विरेश म्हणाले, कधी दुखतं आणि कधी थांबतं ते लिहीत जा. म्हणून ही वही. खात्यात सोळा वर्षं दुसऱ्यांचे जबाब लिहिले, पण स्वतःबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही. जबाबासारखंच लिहिते.

तारामती, वय सदतीस, हवालदार, धाराशिव. पोलीस क्वार्टरमध्ये मी आणि मुलगी सृष्टी, ती नववीला. सृष्टीचे पप्पा तेरला असतात, शेती आणि गुरं बघतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याजवळ. ते रविवारी येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. मी मुख्यालयाच्या व्यायामशाळेत पॉवरलिफ्टिंग करते, म्हणजे वजनं लावलेला लोखंडी बार उचलते. पोलीस स्पर्धांत दोन पदकं आहेत. कंबर दोन वर्षांपासून दुखते. आता कळ डाव्या पायात उतरते, पार टाचेपर्यंत.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली आहे.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "ऑपरेशन केलं तर पायातली कळ लवकर जाईल. कंबरेची खात्री मी देत नाही. व्यायामानं केलं तर वेळ लागेल, पण दोन वर्षांनी बघाल तर दोघांत फार फरक राहत नाही. सध्या घाई नाही. तुम्ही ठरवा."

"बार परत उचलता येईल?"

"तो प्रश्न दोन्हीकडं सारखाच आहे."

काय झालं तर धावत यायचं, तेही त्यांनी सांगितलं. तोवर माझं लक्ष परतीच्या गाडीकडं होतं.

तुम्ही ठरवा म्हटल्यावर डोकं रिकामं झालं. मला ऑर्डर आली की बरं असतं.

१४ जुलै, रविवार

सृष्टीचे पप्पा आले. गवार आणि दूध आणलं. फिल्म त्यांनी उलटी धरून बघितली.

"चिरायचं न्हाय," म्हणाले. "शरणप्पा मामाचं बघितलंस न्हवं? ऑपरेशन झालं तवापासून बाजेवर हाय माणूस."

दुपारभर ते स्वयंपाकघरात खुडबुड करत होते. खालचा माठ उचलून उंच स्टुलावर ठेवला. पिठाचा डबाही वर ओट्यावर घेतला. खाली मुंग्या झाल्या असतील. सृष्टीला विचारलं तर ती म्हणाली, "मुंग्या कुठंयत?"

संध्याकाळी गेले. रात्री कळ जास्त.

१८ जुलै

अमरसिंह सर व्यायामशाळेत भेटले. मला बार शिकवला तो त्यांनीच. म्हणाले, "करून टाक ऑपरेशन. फेब्रुवारीत स्पर्धा आहेत. तुझ्या वजनगटात आपल्याकडं दुसरं कुणीच न्हाय."

हो म्हटलं. मी हवी की वजनगट, हे विचारायला पाहिजे होतं. लोक विचारतात, बायकांना हे कशाला पाहिजे. बार हातात असताना काहीच ऐकू येत नाही. साहेब नाही, आत्याबाई नाहीत, फोन नाही. वर घ्यायचा, खाली ठेवायचा. तेवढ्यासाठी जाते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

२१ जुलै, रविवार

लोहाऱ्याला जाऊन आलो. शरणप्पा मामांना मीच बघायचं म्हटलं. नुसत्या ऐकीव गोष्टीवर पंचनामा होत नाही. स्टँडपासून वस्तीपर्यंत जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो. सृष्टीच्या पप्पांनी मला पुढची जागा मिळवून दिली आणि स्वतः मागं लटकले. त्यांना वारा लागतो म्हणून असेल.

मामा बाजेवरच होते. अंग सुटलेलं, चेहरा ताजा.

"बस तारा. उभी का?"

"बसलं की कळ येते मामा."

"मग माझ्यापरीस तुझंच जास्त हाय," म्हणून हसले.

कडूबाई मामी आतून पदराला हात पुसत आल्या. "ह्यांची पाठ कवाच बरी झाली बाई. दोन म्हयन्यात. डॉक्टर म्हणाला चाला, हे म्हणाले दुखतंय. वैरण म्या टाकते, पाणी म्या आणते, आन पाठ ह्यांची!"

मामा चिडले नाहीत. बाजेची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मामी चहा ठेवायला गेल्यावर हळूच म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालं गं. मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"उठलो आन पुन्ना दुखलं तर?"

परत येताना जीप भरायची होती, म्हणून उभे राहिलो. मी म्हटलं, "म्हणजे ऑपरेशन वाईट न्हाय."

"वाईट कोण म्हणलं?"

"तुम्हीच. मागच्या रविवारी."

"ते मला..." एवढं बोलले आणि ड्रायव्हरनं हाका मारायला सुरुवात केली. पुढचं ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही.

२४ जुलै

ठरवलं. व्यायाम करायचा.

कारणं लिहून ठेवते. ऑपरेशन म्हणजे दवाखाना, मग घरी पडून राहणं. कुणीतरी उठवणार, कुणीतरी न्हाऊ घालणार. सृष्टीची शाळा आहे. आत्याबाई गुरं सोडून येणार नाहीत. माहेरी आई नाही. सृष्टीच्या पप्पांना हातातलं काम टाकून ये म्हणायचं, तर सोळा वर्षांत तसं कधी म्हटलेलं नाही. व्यायामाला कुणी लागत नाही. जायचं, करायचं, यायचं.

डॉक्टरांनी सांगितलेलं नसेचं कारण यात कुठंच नाही, हे आता वाचताना दिसलं. तरी ठरलं ते ठरलं.

फोनवर सृष्टीच्या पप्पांना सांगितलं. मग म्हणाले, "तुला जे बरं वाटंल ते." त्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार.

१ ऑगस्ट

करिश्माकडं पहिला दिवस. फिजिओथेरपीचं तिचं केंद्र, दोन खोल्या, मधे पडदा. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण हात घट्ट. पोहोचले तर सृष्टीचे पप्पा बाहेर बाकावर बसलेले. आज गुरुवार. म्हणाले, बियाण्याच्या दुकानात काम होतं. आता कसलं बियाणं, पेरण्या होऊन गेल्या. पण विचारलं नाही.

ते आत येऊन बसले. पडद्यापलीकडं एक आजोबा गुडघा शेकत होते.

करिश्मानं पाय उचलून बघितले, तळव्याला टोचून बघितलं. मग म्हणाली, "ताई, मांड्यांच्या आतून, बसायच्या जागी बधिर वाटतं का? लघवीला लागलेली कळते ना? संडासचा काही त्रास?"

पलीकडचे आजोबा खोकले. मी भिंतीकडं बघून न्हाय न्हाय म्हटलं. खरंच नव्हतंही तसं.

"यातलं काहीही झालं तर माझी वाट बघायची नाही. मला फोन, आणि थेट सोलापूर. त्याच दिवशी."

हो म्हटलं. हा प्रश्न ती परत विचारणार नाही अशी आशा आहे.

१२ ऑगस्ट

एकशे तीस किलो उचलणारी बाई आज झाडूचा दांडा पाठीला लावून वाकायला शिकली. डोकं, पाठ आणि माकडहाड, तीन जागी दांडा टेकलेला राहिला पाहिजे. माझा सुटतो. करिश्मा म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही ताकदीवर निभावलंत." तिनं ते चांगल्या अर्थानं म्हटलं नव्हतं हे घरी आल्यावर लक्षात आलं.

रांगायच्या अवस्थेत एक हात, एक पाय सरळ करायचा. थरथरते. सृष्टी बघून हसली, मग माझ्याशेजारी येऊन तिनंही केलं. तिचं जमलं.

२ सप्टेंबर

पोळा. ड्यूटी होती, तेरला गेले नाही. सृष्टीच्या पप्पांनी बैलाचा फोटो पाठवला. झूल, शिंगांना रंग. फोटोत बैलापेक्षा मागचा दरवाजाच जास्त आलाय. उंबऱ्याखाली नवी पायरी बांधलेली दिसते, शेजारी भिंतीला लोखंडी कडी. जुना उंबरा उंच होता खरा, पण त्यांचं तर चालत होतं. आत्याबाईंचे गुडघे धरले असतील.

बैल छान दिसतोय, एवढं लिहून पाठवलं.

२२ सप्टेंबर, रविवार

कळ आता गुडघ्यापर्यंतच येते. कधी कधी तीही नाही. करिश्मानं पहिल्यांदा हातात वजन दिलं. सृष्टीच्या शाळेच्या दप्तराएवढं. दांड्याशिवाय वाकले, पाठ सरळ राहिली. ती टाळ्या वाजवणाऱ्यातली नाही. नुसती "हं" म्हणाली. घरी येताना ते "हं" आठवत होते.

तिनं सांगितलं, नवरात्राच्या बंदोबस्ताला हलकं काम मागून घ्या, मी पत्र देते. पत्र घेतलं. साहेबांकडं दिलं नाही. एकदा हलकं काम मागितलं की तेच चिकटतं, आणि मग लोक तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलतात.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. तुळजापूरला बंदोबस्त लागला. आज करिश्माकडं जाणं झालं नाही, आणि कोजागिरीपर्यंत होणारही नाही. जोडीला इरम्मा आहे, शिपाई, नळदुर्गकडची. बोलायला लागली की थांबत नाही. मला बरं पडतं.

बंदोबस्तात आम्ही बायका पाणी पीत नाही. जायला जागा नसते. सकाळी दोन घोट, मग संध्याकाळी. सवय आहे.

१० ऑक्टोबर

दर्शनाच्या रांगेत रेटारेटी झाली. लोखंडी बॅरिकेड कलंडलं आणि एक म्हातारी त्याखाली अडकली. लोक ओरडत होते, उचलत कुणी नव्हतं. मी वाकले आणि उचललं. पाठ सरळ, श्वास धरून, डेडलिफ्टला जमिनीवरचा बार घेते तसंच. इरम्मानं म्हातारीला ओढून काढलं. तिला खरचटलंही नव्हतं. मला म्हणाली, "पोरी, तुला जलम देवीनंच दिला." लोकांनी मोबाईलवर काढलं.

खाली ठेवताना कंबरेत कट्‌ असं झालं. रात्री झोप नाही. उलटी होईल इतकी कळ, दोन्ही पायांत.

१२ ऑक्टोबर

दसरा. काल संध्याकाळपासून कळ उतरत गेली. आज जवळजवळ नाहीच. दोन वर्षांत असं पहिल्यांदा. दुखणं कमी आहे. व्यायामाचा गुण उशिरा येतो असं करिश्मा म्हणालीच होती.

सुट्टी नव्हती. सृष्टी आणि तिचे पप्पा तुळजापूरला पॉइंटवर येऊन आपट्याची पानं देऊन गेले. मी दोन पावलं पुढं आले. सृष्टी म्हणाली, "मम्मी, तू पाय आपटत का चालतेस?" बुटांचा आवाज आहे म्हटलं. तिच्या पप्पांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. मी म्हटलं, "दुखत न्हाय आता. खरंच." त्यांनी मान हलवली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. माणूस असाच आहे.

१४ ऑक्टोबर

एक गंमत. स्कूटीवर बसले तर सीट लागतच नव्हती. म्हणजे बसले होते, पण कापसावर बसल्यासारखं. उभं राहून राहून अंग बधिरलं असणार. बारा दिवस उभीच आहे मी.

करिश्मानं याबद्दल काहीतरी विचारलं होतं. पण ते दुखत असतानाचं होतं. आता दुखत नाही. कोजागिरी झाली की जाईन आणि विचारीन.

१५ ऑक्टोबर

उद्यासाठी आमचा पॉइंट तामलवाडीला. सोलापूरकडून लोक पायी येतात, लाखानं, म्हणून रस्ता गाड्यांना बंद. आम्ही गाड्या वळवायच्या. शाळेच्या खोलीत मुक्काम. खोलीत संडास आहे म्हणून इरम्मा खूश. मी म्हटलं, मला तर सकाळपासून लागलंच नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं यंत्रच लई भारी." दोघी हसलो.

पोट मात्र फुगल्यासारखं आहे. बंदोबस्तातली जेवणाची पाकिटं बाधली असतील.

२२ ऑक्टोबर

सोलापूर, दवाखाना. लिहायला हात मोकळे आहेत, बाकी नळ्या. झालं ते क्रमानं लिहिते.

सोळा तारखेला सकाळी पॉइंटवर उभी होते. माणसांचा पूर लागलेला, आई राजा उदो उदो चाललेलं. फोन वाजला. करिश्मा. बरेच दिवस आला नाहीत म्हणून केला, म्हणाली.

"दुखणं कमी आहे," मी म्हटलं. "जवळजवळ गेलं."

"कधीपासून?"

बॅरिकेडचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, लघवीला शेवटचं कधी गेलात?"

आजूबाजूला एवढी माणसं. मी आवाज खाली घेतला. "काल सकाळी. पाणीच पीत न्हाय ना आम्ही."

"पोट?"

"फुगलंय जरा."

"नीट ऐका. खालचं धुताना हाताला कळतं, की त्या जागेलाही कळतं?"

मी सकाळचं आठवून बघितलं.

"हाताला," म्हटलं.

"तिथंच थांबा. नाही, थांबू नका. आत्ताच्या आत्ता सोलापूर. मी डॉक्टर विरेशना फोन करते. हे दुखणं कमी झालेलं नाही ताई, नस मरायला लागलीय."

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. एक टेम्पो आला होता, तो वळवला. पॉइंट सोडायचा म्हणजे साहेबांना सांगावं लागतं, आणि साहेबांना काय सांगायचं? इरम्मा म्हणाली, "काय झालं? तोंड का पांढरं पडलं?" तिला सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. तिनं माझ्या खांद्यावरचा वायरलेस काढून घेतला.

"साहेब, तारामती मॅडमला सोलापूरला न्यायचंय. जीप पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "लघवी बंद झालीय साहेब! पाठीची नस दबलीय! आता अजून इस्कटून सांगू का जीप पाठवता?"

सगळ्या बंदोबस्तानं ऐकलं. तामलवाडी ते तुळजापूर, ज्याच्या ज्याच्या खांद्यावर वायरलेस होता त्या प्रत्येकानं. मला वाटलं होतं लाजेनं जीव जाईल. काहीच वाटलं नाही. जीप लगेच आली.

मीच बंद केलेल्या रस्त्यावरून उलटं निघालो. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. एका बाईनं खिडकीतून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिला काय माहीत होतं कुणास ठाऊक. इरम्माला म्हटलं, ह्यांना संध्याकाळी कळव, उगाच धावपळ नको. ती म्हणाली, "मी कवाच कळवलंय."

दवाखान्यात आधी नळी घातली. पिशवी भरली, दुसरी लावली. नर्सनं डॉक्टरांकडं बघितलं. माझ्या पोटात एवढं होतं आणि मला पत्ता नव्हता. परत फिल्म काढली. डॉक्टर विरेश माझ्या डोक्याशी उभे राहिले.

"मागं मी दोन रस्ते सांगितले होते. आता एकच आहे. आणि आजच."

"पूर्ण बरं होईल?"

"सांगता येत नाही. काल आला असतात तर जास्त बोललो असतो."

सृष्टीचे पप्पा पोहोचले तेव्हा मला आत न्यायची तयारी चालली होती. पायजम्याला गुडघ्यापर्यंत शेण. तेरहून मोटारसायकलवर, रस्ते बंद म्हणून कुठून कुठून वळसे घेत आलेले. डॉक्टर त्यांना धोके समजावून सांगायला लागले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एकदाही मधे बोलले नाहीत.

"सही कुठं करू?"

डॉक्टरांनी दाखवलं. सही केली, मग माझ्याकडं आले. "मला तवाच कळलं होतं," म्हणाले. "दसऱ्याला. तू पाय ओढत व्हतीस. म्या बोलायला पायजे व्हतं."

मी म्हटलं, "मलाच कळलं न्हाय, तुम्हाला कसं कळंल?"

"बैल असा चालायला लागला तर मला कळतं की. मग?"

मला आत नेलं.

२९ ऑक्टोबर

घरी. नळी अजून आहे. डावं पाऊल वर उचलत नाही. उजवं ठीक. बसायची जागा बधिरच. डॉक्टर म्हणतात, नस वाळलेल्या मुळीसारखी असते, पालवी फुटली तर हळूच. वर्षभर थांबायचं.

अमरसिंह सर आले होते. फळं आणली. स्पर्धेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. जाताना दारात म्हणाले, "उचलायला दुसरं कुणी मिळंल. तू बरी हो." बरं वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही.

दिवाळी तोंडावर आहे, रान कापणीला आलंय आणि सृष्टीचे पप्पा इथं आहेत. आत्याबाईंनी भाच्याला बोलावून घेतलंय म्हणे. मी जा म्हटलं. ते म्हणाले, "भाकरी करपली तर तसं सांग. जा म्हणू नको." करपलीच होती.

१६ नोव्हेंबर

करिश्मा आता घरी येते. मला वाटलं होतं, ऑपरेशन झालं म्हणजे व्यायाम सुटला. ती म्हणाली, "ऑपरेशननं नस मोकळी झाली. तिला चालवायचं काम अजून तसंच आहे." म्हणजे जुलैत डोकं खाल्लं ते एक की दुसरं म्हणून, आणि शेवटी दोन्ही करायचंच होतं.

नळी काढली. आता घड्याळ लावून जायचं आणि वाट बघत बसायचं. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. सृष्टी बाहेरून विचारायची, "झालं का?" तिचे पप्पा म्हणायचे, "गप." तिसऱ्या दिवशी झालं. आतून ओरडून सांगितलं. आधी असं ओरडून सांगितलं असतं का, माहीत नाही. सृष्टीनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं विचारलं, वाढदिवस कुणाचा?

३० नोव्हेंबर

काहीच वाटत नाही हे करिश्माला सांगितलं. म्हणजे पायाचं नाही, मनाचं. लोक येतात, रडतात, देवीनं वाचवलं म्हणतात. मी नुसती बघते. ती म्हणाली, "कधीपासून?"

मी म्हटलं, ऑपरेशनपासून. मग घरी कुणी नसताना विचार केला. ऑपरेशनपासूनचं नसावं ते. आई गेली तेव्हाही मी तेराव्यानंतर थेट ड्यूटीवर गेले होते. सगळे म्हणाले, तारामती खंबीर. मलाही तसंच वाटलं होतं.

पावलाला पट्टी मिळाली आहे, ती घालून चालता येतं. उंबरा ओलांडताना धरायला लागतं. तेरला आता कडी बसवलेलीच आहे, असं सृष्टीचे पप्पा म्हणाले. मी म्हटलं, हो, आत्याबाईंसाठी. ते माझ्याकडं बघत राहिले.

"आईचे गुडघे माझ्यापरीस घट्ट हायत," म्हणाले.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी फार. न्हाणीघरात पाठ टेकायच्या खुर्चीवर बसते आणि सृष्टीचे पप्पा पाणी घालतात. पहिले पंधरा दिवस मी डोळे मिटून घ्यायची. आता घेत नाही.

डावा पाय रोज शेवटी. त्या पायाला ऊन-गार कळत नाही, म्हणून ते आधी स्वतःच्या मनगटावर पाणी ओतून बघतात. आज गप्पांच्या नादात विसरले. भाच्यानं दुभती गाय आटवली, दूधच बंद झालं, त्याचं सांगत होते. तांब्या थेट पावलावर ओतला.

"कढत आहे," मी म्हटलं.

ते बोलतच होते. मग थांबले. "काय म्हणलीस?"

"पाणी. लई कढत आहे."

तांब्या खाली ठेवला. मनगटावर घेऊन बघितलं आणि हात झटकला. मग जरा गार मिसळून, अंगठ्यावर धार धरली. "हितं?"

"न्हाय."

करंगळीकडं. "हितं?"

"न्हाय."

घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथं मघाशी पडलं होतं. "आन हितं?"

"व्हय."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून म्हणू नको."

"डोळे मिटते. तुम्ही कुठंही टाका."

डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग घोट्यावर ऊन पाणी उतरलं, बारीक, आणि टाचेकडं निघालं. मधे कुठंतरी हरवलं. जिथवर कळलं तिथवर बोट ठेवून दाखवलं. डोळे उघडले तर ते त्याच जागी बघत होते.

उठून मागच्या अंगणात गेले. मी तशीच बसून होते, पाठीवर साबण सुकत होता. थंडी वाजायला लागली तेव्हा हाक मारली. आले ते डोळे पुसत.

"धूर गेला डोळ्यात," म्हणाले.

पाणी आम्ही विजेच्या हीटरवर तापवतो.

पूर्वी असती तर धूरच लिहिला असता. आज म्हटलं, "इथं बसा जरा." ओल्या फरशीवर बसले, पायजमा भिजला. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस किती पांढरे झालेत ते आजच बघितलं. मग माझंही सुरू झालं, आवाजासकट, आणि थांबेना. सृष्टी दाराशी आली. काय झालं, काय झालं, दुखतंय का?

ते आतून म्हणाले, "व्हय. थांब जरा."